रस्ता लाल का आहे, हे कोण सांगणार?

शनिवारी संध्याकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालो की कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर मी गाडी बाजूला घेतो आणि मेहुण्याला फोन लावतो. त्याचा पिकअप आहे. हंगामात भिलार-पाचगणीची स्ट्रॉबेरी, एरवी मिळेल ती भाजी. या रस्त्यावर तो माझ्या अर्धा तास पुढे किंवा मागे कुठेतरी असतोच. "दाजी, घाटात कंटेनर आडवा झालाय. शिरवळच्या पुढं येऊच नका. चहा घ्या, सुटलं की सांगतो." मी शिरवळला चहा घेतो, कधी दोन घेतो. तोवर गाडीतला पडदा लाल रेघ दाखवत असतो, चाळीस मिनिटं उशीर होईल म्हणतो आणि खाली लिहितो की तरीही हाच सर्वांत जलद मार्ग आहे. हे काही खोटं नसतं. त्याचा उपयोग मात्र शून्य असतो.

साताऱ्यात निदान निम्मी घरं अशीच चालतात. पुढं गेलेला पाहुणा ही आपली वाहतूक माहिती सेवा. तिला वर्गणी नाही, जाहिरात नाही, आणि अचूकतेत तिचा हात कुणी धरत नाही. मोटार कंपन्या आणि नकाशा कंपन्या गेली काही वर्षं आपल्याला विकू पाहतायत ती सेवा या पाहुण्याच्या तोडीची का होत नाही आणि कशी होईल, असा माझा प्रश्न आहे. पडदा मोठा करून ती होणार नाही, हे माझं मत आधीच सांगून टाकतो. तिच्यात जे कमी आहे ते कंपन्यांकडे नाहीच. ते पोलिसांच्या, बांधकाम खात्याच्या, पाटबंधाऱ्याच्या टेबलावर पडलेलं आहे.

हा धंदा जिथे मुरला तिथे तो कसा उभा राहिला, ते आधी पाहू. जपानमध्ये १९९६ साली 'विक्स' नावाची व्यवस्था सुरू झाली. रस्त्याकडेच्या खांबांवरून आणि एफएम लहरींवरून कोंडी, अपघात, बंद रस्ते यांची माहिती गाडीतल्या यंत्राला मिळायची. दरमहा पैसे नाहीत, खर्च यंत्राच्या किमतीतच धरलेला. माहिती गोळा करणारे पोलीस आणि रस्त्यांची सरकारी खाती, ती पोचवणारी एक मध्यवर्ती संस्था, आणि यंत्र विकणाऱ्या कंपन्या असा तिघांचा संसार. युरोपात एफएम रेडिओच्या लहरींत लपवून सांकेतिक आकडे पाठवायची पद्धत आली. तिची एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक कारणाला तिथे क्रमांक आहे. अपघाताला एक, पुराला दुसरा, रस्त्यावर जनावरं आली तर तिसरा. जागांनाही क्रमांक. म्हणजे जर्मन पोलिसानं जर्मनीत टाकलेली खबर इटालियन ड्रायव्हरला त्याच्या भाषेत वाचता येते. थोडक्यात, तिथे 'का' हा प्रश्न यंत्रणेच्या पायातच घातलेला होता.

आपल्याकडे ही पायरी आलीच नाही. रस्त्यात तारा पुरल्या नाहीत, खांब रोवले नाहीत. त्याआधीच मोबाईल आला. २०१२ च्या सुमाराला गुगलनं मुंबई-पुण्यासह काही मोठ्या शहरांत चालू वाहतुकीचे रंग दाखवायला सुरुवात केली, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट पानपट्टीच्या भावात मिळायला लागलं. आता खिशातला फोन हाच रस्त्यातला सेन्सर झाला. लाखो फोन किती वेगानं सरकतायत ते मोजायचं आणि रस्ता रंगवायचा. खरं तर माल आपला आणि दुकान त्यांचं, पण फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण भांडणार.

या फुकटाशी गाठ पडल्यावर गाडीत बसवलेल्या सेवेचं काय झालं, ते कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसतं. नव्या गाडीत हातभर पडदा, आत सिमकार्ड, पहिली काही वर्षं सेवा मोफत, मग वर्गणी. वर्गणी भरायची वेळ आली की मालक सिग्नलवर मिळणारा मोबाईल होल्डर आणतो, पडद्याच्या नाकासमोर चिकटवतो आणि त्यात स्वतःचा फोन खोचतो. पंधरा लाखांच्या गाडीत दीडशे रुपयांचा होल्डर. याला कुणी कंजूषपणा म्हणेल. मला तो चोख हिशेब वाटतो. जी रेघ फुकट लाल दिसते तिचेच पैसे का मोजायचे?

म्हणून 'भारतात गाड्या किती, त्यांतल्या इतक्या टक्क्यांनी वर्गणी घेतली तर बाजार किती' असले कागदी हिशेब मला पटत नाहीत. गाड्यांची संख्या म्हणजे गिऱ्हाइकांची संख्या नव्हे. गिऱ्हाईक कोण, हे दोन गोष्टींवर ठरतं. मिळालेल्या बातमीवर तो काही करू शकतो का, आणि उशीर झाला तर त्याचं खरोखर नुकसान होतं का.

पहिली गोष्ट आधी घेतो, कारण तिच्याकडे कुणी बघतच नाही. बातमीला फाटा लागतो. पुढं कोंडी आहे हे कळून उपयोग तेव्हाच, जेव्हा वळायला दुसरी वाट असते. मोठ्या शहरात एक रस्ता तुंबला तर समांतर चार निघतात. शिरवळच्या पुढच्या खंबाटकी घाटाचं तसं नाही. पुण्याहून येताना गाड्या वर्षानुवर्षं जुन्या घाटातून चढत आल्या, साताऱ्याहून जाताना बोगद्यातून, दोन्ही मार्गिका एकमेकींपासून लांब. घाट चढायला लागलात आणि वर ट्रक बंद पडला की मागे फिरता येत नाही आणि दुभाजक ओलांडून पलीकडे जाता येत नाही, कारण पलीकडे दरी असते. निर्णय घ्यायच्या जागा दोनच. एक कापूरहोळ, तिथून भोर-मांढरदेवीवरून वाईला उतरता येतं. दुसरी शिरवळ, तिथून लोणंदकडे वळता येतं. त्या दोन फाट्यांच्या आधी मिळाली तर बातमी, नंतर मिळाली तर सांत्वन. आणि पुष्कळदा या दोन्ही वाटांपेक्षा शिरवळचा चहाच शहाणपणाचा ठरतो. म्हणजे आपल्या भागात प्रश्न 'कुठून जाऊ' असा कमी, 'कधी निघू' असा जास्त असतो. गाडीत बसवलेली सेवा गाडी सुरू झाल्यावर जागी होते. आपल्याला ती घरी, पायात चप्पल घालण्याआधी हवी आहे.

आता लाल रेघेच्या अज्ञानाबद्दल. रंग हा वेगाचा असतो, कारणाचा नसतो. २०२० मध्ये बर्लिनच्या सिमोन वेकर्ट या कलावंतानं एका हातगाडीत ९९ मोबाईल भरले आणि ती ओढत रिकाम्या रस्त्यावरून संथ चालत गेला. नकाशावर तो रस्ता लाल झाला. आपल्याला याची गंमत वाटते. पण आपल्या रस्त्यांवर अशी हातगाडी रोजच चालते. लग्नाची वरात निघते, शेळ्या-मेंढ्यांचा कळप जातो, आठवडे बाजार भरतो. गाळप हंगामात कराड-इस्लामपूर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उसानं लदून ताशी दहा-पंधरा किलोमीटरनं जात असतो. रेघ लाल होते, पण ही लाली पाच मिनिटांची की दोन तासांची हे तिला सांगता येत नाही. उलटही होतं. गाड्यांची रांग जागच्या जागी उभी असते आणि तिच्या कडेनं मोटारसायकली सुळकन निघून जातात. त्यांचे फोन पळत असतात.

याहून वाईट म्हणजे, बंद रस्ता आणि निवांत रस्ता हे फोनांच्या गर्दीला सारखेच दिसतात. दोन्हीवर कुणी नसतं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट दरडी कोसळून, रस्ता खचून बंद पडला. अशा घाटात आधीच वर्दळ तुरळक, रेंज जाते-येते, पुढं काय झालंय हे सांगणारा वाटसरू नाही. कुणीतरी 'इथून बंद' असं नोंदवेपर्यंत यंत्राच्या लेखी तो छान मोकळा घाट असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशाच्या भरवशावर निघालेल्या गाडीतले तिघं रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून कोसळून गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला होता. पूल तुटलाय हे सरकारी कागदाला माहीत होतं, गावाला माहीत होतं. नकाशाला माहीत नव्हतं, आणि पुलाच्या तोंडावर धड अडथळाही नव्हता. अशा वेळी सगळे नकाशावर तुटून पडतात. मला तो अर्धाच न्याय वाटतो.

आता सांगलीत येऊ, कारण ही गोष्ट सांगलीइतकी कुणाला समजत नाही. पावसाळ्यात सांगलीकर कृष्णेची पातळी फुटांत बोलतो. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. इतके फूट झाले की सूर्यवंशी प्लॉटात पाणी, तितके झाले की दत्तनगर, अमुक झाले की अमका रस्ता गेला, हे कोष्टक जुन्या माणसांच्या डोक्यात पक्कं असतं. पाटबंधारे खातं कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतं, आयर्विनची पातळी फुटांत सांगतं आणि दोन्ही आकडे तासातासाला व्हॉट्सॲपवर फिरतात. पण फुटावरून रस्त्यावर यायची जी शेवटची पायरी, म्हणजे 'आज रात्री दहानंतर हा रस्ता वापरू नका', ती चढणं हे कुणाचंच अधिकृत काम नाही. २०१९ ला कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. पाण्याच्या अलीकडे ट्रकच्या रांगा लागल्या, मुंबईकडे जाणाऱ्या दुधाचं संकलन थांबलं. २०२१ ला पुन्हा तेच. यातला किती ट्रक कराडच्या अलीकडेच थांबला असता, किती कोल्हापूरकडे निघालाच नसता? पाणी एका क्षणात आलं नव्हतं, दिवसभर चढत आलं होतं. ते येणार हे आकडे सांगत होते. ते आकडे गाडीच्या भाषेत मांडणारा कुणी नव्हता.

म्हणजे माहितीचा दुष्काळ नाही. माहिती चुकीच्या रूपात पडून आहे. आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. या मार्गावर कोणत्या दिवशी कोणती वाहनं बंद आणि ती कुठून वळवली, याचा आदेश दरवर्षी आधीच निघतो, आणि तो चांगला तपशीलवार असतो. मग त्या कागदाचा फोटो काढला जातो, शिक्का वाकडा, एक कोपरा कापलेला, आणि तो फोटो गटागटांतून फिरतो. तो माणसाला कसाबसा वाचता येतो, यंत्राला अजिबात नाही. मांढरदेवीची यात्रा, कासचा फुलांचा हंगाम, दिवाळीच्या सुट्टीतली महाबळेश्वरची गर्दी, बांधकाम खात्यानं दुरुस्तीला घेतलेला पूल, सगळ्यांची हीच गत. राष्ट्रीय महामार्गांपुरतं राजमार्गयात्रा हे ॲप आहे, १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. पण आपला निम्मा प्रवास राज्यमार्गावर आणि जिल्हा मार्गावर होतो, तिथे हद्द बदलली की मालक बदलतो.

माझी मागणी साधी आहे. रस्ता बंद करण्याचा, वळवण्याचा किंवा जड वाहनांना मनाई करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यानं आदेश काढताना कागदासोबत एक ओळही भरावी. रस्ता कोणता, कुठपासून कुठपर्यंत, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या वाहनांना, कारण काय, पर्याय काय. सहा रकाने. सगळ्या जिल्ह्यांचा नमुना एक, आणि ती ओळ सर्वांना मोफत खुली. गुगलनं घ्यावी, मॅपमायइंडिया या देशी नकाशा कंपनीनं घ्यावी, मोटार कंपन्यांनी घ्यावी, कराडच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या पोरानं घ्यावी. कायद्याची अडचण सांगू नका. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ स्वतःहून, स्थानिक भाषेत, लोकांपर्यंत सहज पोचेल अशा रीतीनं माहिती द्यायला सांगतंच. नकाशांवरची जुनी परवान्यांची बंधनं केंद्रानं फेब्रुवारी २०२१ मध्ये बऱ्याच अंशी काढून टाकली. उरतो तो फक्त भरणारा हात.

इथे अनुभवी माणसं हसतात, आणि त्यांचं हसणं मला मान्य आहे. सरकारी पोर्टलवरची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची असते. बंद झालेला रस्ता नोंदवायला उत्साह असतो, उघडलेला नोंदवायला कुणालाच नसतो. म्हणून तर 'कधीपर्यंत' हा रकाना सक्तीचा हवा. मुदत संपली की नोंद आपोआप मिटावी, वाढवायची असेल तर पुन्हा भरावी. आणि हे काम वेगळं पद निर्माण करून होणार नाही. नियंत्रण कक्षात जो हवालदार आदेशाचा फोटो गटावर टाकतो, त्यालाच त्याच फोनवर हे सहा रकाने मिळाले पाहिजेत. फोटोपेक्षा सोपं असेल तरच तो भरेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नकाशा कंपनीकडे लोक स्वतःच कोंडी नोंदवतात, मग सरकार कशाला मध्ये? वेझ नावाची कंपनी याच कल्पनेवर उभी राहिली, २०१३ मध्ये गुगलनं ती सुमारे एक अब्ज डॉलर मोजून घेतली. कल्पना झकास आहे, पण तिला सांगणारे लागतात. पुण्यात अपघात झाला की पाच मिनिटांत वीसजण नोंदवतील. केळघर घाटात झाला तर? जिथे गर्दी तिथे माहिती, आणि जिथे माहितीची खरी गरज तिथे शुकशुकाट, ही बाजाराची जुनीच खोड आहे.

मग कंपन्यांना काय उरलं? पुष्कळ. कच्ची ओळ फुकट झाली म्हणजे तिच्यावरचं काम फुकट होत नाही. माझा मेहुणा रात्री वाशीच्या बाजारासाठी माल भरतो. स्ट्रॉबेरी ही बाई फार नाजूक. तीन तास कोंडीत अडकली की सकाळी व्यापारी डबा उघडतो, खालचा थर बघतो आणि भाव पाडतो. 'आज नऊऐवजी सातला नीघ' एवढं खात्रीनं सांगणाऱ्या सेवेला तो महिन्याचे पैसे देईल. तसं त्यानं मला स्वतःहून सांगितलं, आणि तो सहसा कुणाला पैसे देत नाही. तासगावची द्राक्षं नेणारा देईल. दुधाचे टँकर फिरवणारा संघ नक्की देईल, कारण त्याचं घड्याळ दुधाच्या तापमानावर चालतं. मिरजेच्या दवाखान्यांकडे कर्नाटकातूनसुद्धा रुग्ण घेऊन येणाऱ्या रुग्णवाहिका आहेत, एसटी आहे. या सगळ्यांकडे फाटा नसला तरी घड्याळ आहे. खाजगी मोटारीच्या मालकामागे वर्गणीसाठी धावण्यापेक्षा या मंडळींकडे जा, असं मी कुठल्याही कंपनीला सांगेन. एक अट मात्र घालेन. सरकारी ओळ कुणा एकालाच मिळेल असा करार करू नका. तसं झालं की आपल्याच बंद रस्त्याची बातमी आपल्यालाच विकत घ्यावी लागेल.

आणि जो ट्रॅक्टरवाला ऊस ओढतो, त्याच्याकडे पडदा नाही. त्याच्याकडे स्पीकर आहे, आणि तो केवढा आहे हे रात्री त्याच्या मागे अडकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खाजगी एफएमना आपल्याकडे स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, पण २०११ च्या धोरणानं वाहतूक आणि हवामानाची माहिती 'बातमी' या शब्दातून वगळली. म्हणजे दार उघडं आहे. आकाशवाणीला तर ती अडचणही नाही, आणि सांगली केंद्र १९६३ पासून या भागाच्या कानात बसलेलं आहे. सहा रकान्यांची ती ओळ तासाला एकदा वाचून दाखवायला कितीसा खर्च येतो?

एक काळजी मला आहे, तीही सांगतो. खंबाटकी तुंबली की यंत्र हजार गाड्यांना एकदमच 'इकडून जा' म्हणतं. मग वाईच्या गल्ल्या, शाळेसमोरचा अरुंद रस्ता, कुणाच्या तरी उसाच्या कडेची बांधावरची वाट, सगळीकडे पुण्या-मुंबईच्या गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. त्या गावाला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून त्याच सहा रकान्यांत ग्रामपंचायतीलाही लिहिता आलं पाहिजे की हा रस्ता शाळा सुटण्याच्या वेळी परगावच्या वाहनांसाठी नाही. आजवर माहिती फक्त गाडीत बसलेल्याची सोय बघत आलीय. रस्त्याच्या कडेला राहणाराही त्या रस्त्याचा माणूस आहे.

सुरुवात कुठून, असं एका मित्रानं विचारलं. राज्यभर नको, लोणंदपासून करा, असं मी म्हटलं. येत्या आषाढात पालखीचा आदेश निघेल तेव्हा त्याच्या फोटोसोबत एवढंच लिहून बघा: रस्ता, लोणंद ते फलटण. वाहने, सर्व जड. कधीपासून, पालखी नीरा ओलांडेल त्या दिवशी पहाटेपासून. कधीपर्यंत, पालखी फलटण सोडेपर्यंत. कारण, माउलींची पालखी. पर्याय, साताऱ्याकडून फलटणला जाणाऱ्यांनी वाठार स्टेशन, आदर्की मार्गे.